डेट्रॉईटचे दोन भाऊ आणि आमची लालबागची खोली

गेले तीन आठवडे रात्री घरातले सगळे झोपले की हेडफोन लावून बीएमएफ बघत होतो. एकच एपिसोड बघायचा ठरवून बसायचो आणि दोन संपवून उठायचो. ऑफिसमध्ये सांगितलं तर एक जण म्हणाला अरे ती ड्रग्जवाल्यांची सिरीज ना, गोळीबार, पार्ट्या, रॅप. हो, ते सगळं आहेच त्यात. पण मला त्यातलं जे लागलं ते वेगळंच आहे आणि ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेमेट्रियस, ज्याला बिग मीच म्हणायचे, आणि टेरी फ्लेनरी, सख्खे भाऊ, डेट्रॉईटच्या नैर्ऋत्य भागातले. 80च्या दशकात शाळेत असतानाच क्रॅकच्या, म्हणजे कोकेनपासून केलेल्या ओढायच्या खड्यांच्या, पुड्या विकायला लागले, 50 डॉलरची पुडी, म्हणून त्यांना फिफ्टी बॉइज म्हणायचे. तिथून वाढत वाढत ब्लॅक माफिया फॅमिली म्हणजे बीएमएफ. सरकारी वकिलांच्या हिशोबाने 500 च्या वर माणसं आणि 27 कोटी डॉलरचा धंदा. 2005 मध्ये पकडले गेले, 2007 मध्ये गुन्हा कबूल केला आणि 2008 मध्ये दोघांनाही 30-30 वर्षं. सिरीज 2021 ला आली, रँडी हगिन्सने लिहिलेली, तो स्वतः डेट्रॉईटचा आहे आणि ते कळतं, कारण घरं, चर्च, हिवाळ्यातला तो राखाडी उजेड, सगळं बरोब्बर पकडलंय.

मी 2006 पासून इथे डेट्रॉईटजवळच्या नोव्हायला राहतो, गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत. आपली मराठी मंडळी इथे भरपूर, गणपती दिवाळी सगळं होतं, आणि बहुतेकांचं डेट्रॉईट म्हणजे एअरपोर्टला जाताना कडेने दिसतं तेवढंच. मीपण तसाच होतो. पण सिरीज बघितल्यावर परवा शनिवारी मुद्दाम आय-75 ने खाली गेलो. रूज नदीवरच्या पुलावर गाडी चढली की डावी-उजवीकडे रिफायनरी, धुराडी, झग आयलंड, आणि त्याच्याखाली लहान लहान घरांच्या रांगा, काही नीट रंगवलेली आणि मधेच रिकामे प्लॉट जिथे कधीतरी घर होतं. फोर्डच्या रूज प्लांटमध्ये एके काळी लाखभर माणसं काम करायची. 1950 ला या शहरात साडेअठरा लाख लोक होते, 2010 ला उरले सव्वासात लाखांच्या आत. हे आकडे मी इथे आल्यापासून ऐकतोय, ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्येसुद्धा असतात. पण त्या पुलावरून खाली बघताना मला गिरणगाव दिसलं. खरंच. भोंगा बंद झाल्यावर लालबाग परळ जसं दिसायचं ना, तसं.

आता सिरीजमधलं सांगतो. सगळे लिल मीचबद्दल बोलतात, खऱ्या बिग मीचचा सख्खा मुलगा आपल्या बापाचाच रोल करतो म्हणून, आणि टेरीचं काम करणारा दाविंची तर फारच चांगला आहे. पण माझ्या मते सिरीज उभी आहे ती त्यांच्या आईवडिलांवर. रसेल हॉर्न्सबीने केलेले चार्ल्स, म्हणजे वडील. कष्ट करून घर चालवणारा, गिटार वाजवणारा, रविवारी चर्चला जाणारा माणूस. आई ल्युसिल, ती तर देवावर सगळा भार टाकून उभी राहिलेली बाई. घरात बिलं थकलेली आणि पोरांच्या खिशात नोटा. त्या घरातले प्रसंग बघताना मला दोनदा पॉज करावं लागलं. बाप ओरडतो तेव्हा त्रास होत नाही, गप्प बसतो तेव्हा होतो. कारण त्याला माहितीय की आपल्या दोन महिन्यांच्या पगाराइतके पैसे हे पोरगं एका रात्रीत आणू शकतं, आणि त्याला नाही म्हणायला आपल्याकडे फक्त आपलं नाही म्हणणंच आहे.

दोन भाऊसुद्धा किती वेगळे. मोठ्याला लोकांनी बघावं असं वाटतं, धाकट्याला कुणी बघू नये असं वाटतं. टेरी सारखा बाहेर पडायला बघतो, गाड्यांचा सरळ धंदा करायला बघतो, आणि परत ओढला जातो. खऱ्या आयुष्यातही हेच झालं. बिग मीच अटलांटाला गेला, तिथे क्लब, रॅपर, शहरात स्वतःच्या टोळीच्या नावाची मोठमोठी होर्डिंग लावली, ड्रग्जच्या धंद्यातल्या माणसाने, विचार करा. टेरी लॉस एंजलिसला शांतपणे माल आणि हिशोब बघत बसला. गाड्यांमध्ये चोरकप्पे केलेले, त्यातून एका बाजूने कोकेन जायचं आणि दुसऱ्या बाजूने कॅश यायची. 2003 च्या सुमाराला दोघांचं फाटलं आणि मग दोघांची वेगवेगळी माणसं, वेगवेगळं काम.

आणि यातला मला सगळ्यात चटका लावणारा भाग म्हणजे पुढचा. बिग मीच फोनवर कधी कामाचं बोलायचाच नाही, एवढा उधळ्या माणूस पण फोनच्या बाबतीत पक्का. टेरी, जो सावध, जो आयुष्यभर भावाला जरा दमाने घे म्हणत आला, त्याचा फोन पोलिसांनी टॅप केला आणि त्याच्या बोलण्याची शेकडो पानं भरली. त्यात तो भावाच्या पार्ट्यांबद्दल काळजीने बोलतोय, की याच्यामुळे सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे जातंय. म्हणजे भावाबद्दलची काळजी आणि चीड पोलिसांच्या कागदावर उतरत होती आणि ज्या भावाबद्दल ती होती त्याच्याशी बोलणं बंद. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, लॅपटॉप बंद करून बराच वेळ तसाच बसलो.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मनापासून आहे. ही गोष्ट त्या घराने सांगितलेली आहे, त्यामुळे ज्यांनी त्या पुड्या विकत घेतल्या ते लोक त्यात जवळजवळ नाहीत. मधे मधे एखादा चेहरा येतो आणि जातो. क्रॅकने डेट्रॉईटच्या ज्या घरांची माती झाली त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काय चाललं होतं ते कोण दाखवणार? आणि जी बारकी पोरं कोपऱ्यावर उभी असायची त्यांचं काय? 1986 च्या कायद्याने 5 ग्रॅम क्रॅक सापडलं की कमीत कमी पाच वर्षं आत, आणि कोकेनची पांढरी पावडर असेल तर तेवढ्याच शिक्षेला 500 ग्रॅम लागायचं. शंभरपट फरक. गरिबाच्या नशेला एक कायदा आणि पैसेवाल्याच्या नशेला दुसरा, 2010 ला तो फरक कमी केला पण तोही अठरापटीवर आणून सोडला. फ्लेनरी भावांचं निदान नाव तरी राहिलं. टेरीला 2020 मध्ये करोनाच्या काळात घरी सोडलं, बिग मीच 2024 ला बाहेर आला. कोपऱ्यावरच्या पोरांवर कोण सिरीज काढतंय.

मला हे एवढं का लागतंय ते पण सांगतो. बाबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, मी तेव्हा आठ वर्षांचा. दादा चौदाचा. पहिले काही महिने जोर होता, मग आईने डबे करायला घेतले, मग तिची पाटली गेली. आमच्याकडेही त्याच वर्षांत गर्द आलं, गर्दुल्ले हा शब्द मी शाळेत जायच्या रस्त्यावरच शिकलो, जिन्याखाली चांदीचा कागद घेऊन बसलेले असायचे आणि त्यातले दोघं आमच्याच मजल्यावरचे होते. आणि दुसऱ्या बाजूला चाळीतली काही पोरं अचानक चांगले बूट घालून फिरायला लागली. कुणी काही विचारायचं नाही. त्यांच्या आया पण नाही.

सिरीज संपल्यावर मी दादाला फोन केला. तो अजून लालबागलाच आहे, आता टॉवरमध्ये, पण तिथेच. मी त्याला चार्ल्सबद्दल सांगत होतो, की बाप पैशाला नाही म्हणतो आणि घरात किती शांतता होते वगैरे. दादा बराच वेळ नुसता हं हं करत होता. मग म्हणाला, अरे, तुला ते पाकीट आठवतं का? मला काहीच आठवत नव्हतं. मग त्याने सांगितलं. संपाचं दुसरं वर्ष, आईचं ऑपरेशन करायचं होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या एकाने दादाला एक पाकीट दिलं होतं. फक्त एक पिशवी भायखळ्याला पोचवायची, बाकी काही नाही. आणि दादाने ते घेतलं होतं. मी पन्नाशीच्या पुढे गेलो तरी मला हे माहीत नव्हतं. दादा, ज्याने मला इंजिनियर केला, तो चौदा-पंधरा वर्षांचा असताना ते पाकीट उशीखाली ठेवून झोपला होता.

रात्री बाबांना ते सापडलं. मारलं नाही, ओरडले नाहीत. सदरा घातला आणि जिना उतरले. दादा त्यांच्या मागे मागे गेला, गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथे तो माणूस उभा होता, बाबांनी त्याच्या हातात पाकीट दिलं, काहीतरी बोलणं झालं, दादाला ऐकू आलं नाही. मी विचारलं, मग? तर म्हणाला, मग काय, कोपऱ्यावरच्या इराण्याकडे गेलो, बाबांनी एक चहा सांगितला आणि दोन बशा मागितल्या.