विदर्भचं ‘िवदभर्’ का होतं

आजचा दिवस नागपूरच्या महाल भागातल्या एका डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवण्याच्या) दुकानात, कृतीदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नेण्यात गेला. टाईपरायटरवर मिनिटाला 30 अन् 40 शब्दांच्या परीक्षा दिलेल्या पिढीने कॉम्प्युटर पटकन आपलासा केला तो याच फॉन्टमुळे. रेमिंग्टन या टाईपरायटरच्या कळफलकाचीच बोटं, कळफलक नव्याने घोकायची गरजच नव्हती.

पण ती सोय आता भोवते. कृतीदेवमध्ये फाईलच्या पोटात मराठी नसतंच. ‘नागपूर’ म्हणजे आत यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही इंग्रजी अक्षरं. मराठी फक्त वरचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तो गळून पडतो.

बरं, एकेक इंग्रजी अक्षर शोधून तिथे मराठी टाकायचं, असं नुसतं फाइंड-रिप्लेस मारून भागत नाही. टाईपरायटरच्या रिवाजाप्रमाणे पहिली वेलांटी अक्षराआधी मारतात, रफार अक्षर आणि काना झाल्यावर. युनिकोडला नेमकं उलटं लागतं. म्हणून ‘विदर्भ’चं ‘िवदभर्’ आणि ‘वर्धा’चं ‘वधार्’ होतं. शिवाय भ, ध, श, ण ही अक्षरं अर्धं अक्षर अधिक काना अशा दोन कळांची. काना आधी बदलला की सगळ्यांचा चुराडा. आधी ही दोन कळांची अक्षरं बदलायची, मग एका कळेची, वेलांटी-रफार शेवटी.

कन्व्हर्टर, म्हणजे फॉन्ट बदलणारा प्रोग्रॅम, हे करतो, पण मजकुरातला ईमेल पत्ताही मराठी समजून चिवडतो. तेवढा आधी बाजूला काढा. रफाराचे शब्द डोळ्यांनी तपासा, अन् मूळ फाईल काही झालं तरी उडवू नका भाऊ!