केशरोपणाची माहिती, आपल्या मराठीत
केशरोपणाविषयीची खात्रीशीर माहिती मराठीत एकत्र व्हावी, ती डॉक्टरांनी तपासावी आणि शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांनी तिच्यात अनुभवांची भर घालावी, यासाठी आम्ही काही जण झटत आहोत. डोक्याच्या मागच्या भागातील केस पुढे लावले तरी सहजी न गळण्याचा आपला मूळ गुणधर्म टिकवतात, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडले. परंतु मागच्या केसांचा हा साठा मर्यादित असतो, हे पंचविशीतल्या मुलाला कुणीतरी आधीच सांगायला हवे. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळू लागले की घरचे हवालदिल होतात; वास्तविक मुळे शाबूत असतात आणि नवी वाढ साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागते. म्हणूनच प्रत्येक अनुभवासोबत वर्षभरानंतरचे, त्याच उजेडात काढलेले छायाचित्र असावे, असा माझा आग्रह आहे.