घट्ट बसलेली घुंडी: जुना जिलेट रेझर सोडवताना आलेला अनुभव

जुना सेफ्टी रेझर विकत घेणार असाल, तर पैसे देण्याआधी त्याची खालची घुंडी फिरवून बघा. साबणाचा थर, हिरवा गंज, काळे डाग हे सगळं घरच्या घरी निघतं. घुंडी अडकलेली असेल तर मात्र काम किती लांबेल याचा भरवसा नाही. त्याहून वाईट म्हणजे, ती सोडवायला सरसावलेली माणसं रेझरची वाट लावतात. माझ्या रेझरच्या घुंडीवर पकडीचे दात उमटले आहेत आणि ते आता जाणार नाहीत. हे लिहायला बसलो ते त्या रागातूनच.

रेझर जिलेटचा, सुपर स्पीड, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला. ब्लेड बसतं त्या पट्टीच्या खालच्या अंगाला इंग्रजी वाय हे अक्षर आणि २ हा आकडा आहे, म्हणजे १९५३ सालची दुसरी तिमाही. अमेरिकेत बनलेल्या त्या काळच्या जिलेट रेझरवर अक्षर वर्षाचं आणि आकडा तिमाहीचा असे. झेड म्हणजे १९५४, आणि १९५५ पासून पुन्हा ए. आपल्या हातातली वस्तू कधी घडली हे इतकं नेमकं कळतं, याचा मला फार आनंद झाला.

हा प्रकार १९४७ मध्ये बाजारात आला. अंग पितळेचं, वर निकेलचा मुलामा. दांड्याच्या टोकाची घुंडी फिरवली की आतली सळई सरकते आणि डोक्यावरची दोन दारं उघडतात. ब्लेड ठेवायचं, उलट फिरवायचं, दारं मिटतात. तीन तुकड्यांच्या साध्या रेझरसारखा हा सुटा होत नाही. कारखान्यातच तो दाबून कायमचा जोडलेला असतो, त्यामुळे आतला मळ काढायचा तर बाहेरूनच.

बाहेरची सफाई एका दुपारी झाली. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. दारांच्या बिजागऱ्यांत टूथपिक.

घुंडी मात्र ढिम्म. दारं अर्धी उघडलेली आणि तिथेच थांबलेली. कारण समजायला सोपं आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण यांची साय तयार होते, ती पाण्यात विरघळत नाही. वर्षानुवर्षं दाढी करताना ती दांड्याच्या नळीत उतरत राहते आणि रेझर पडून राहिला की सळईभोवती वाळून दगड होते. म्हणजे गंजलेला नट सोडवण्याचं हे काम नाही, साचलेला साबण मऊ करण्याचं आहे. इथे जोर लावून उपयोग नसतो. फार पिळलं तर सळई किंवा तिचा जोड तुटतो, आणि मग तो रेझर फक्त कपाटात ठेवण्यापुरता उरतो.

हे सगळं मी एका दुरुस्तीवाल्याला नीट समजावून सांगितलं होतं. कुलपं, स्टोव्ह, जुनी घड्याळं असं सगळं तो बघतो, हात चांगला आहे असं ऐकलं होतं. मला घाई झाली होती हे खरं. स्वच्छ झालेला रेझर समोर होता आणि वापरता येत नव्हता. "पक्कड लावू नका, आत तेल सोडून ठेवा," एवढंच माझं मागणं होतं. त्याने मान हलवली, चिठ्ठी बांधली आणि रेझर खणात टाकला. मग "परवा या" सुरू झालं. परवा गेलो की "आज गर्दी होती साहेब". पुन्हा गेलो की दुकान बंद. फोनवर "होतंय, होतंय". प्रत्येक वेळी खण उघडला की रेझर तसाच, चिठ्ठीसकट, तेलाचा एक थेंबही न लागलेला. परत द्या म्हटलं तर "आता हातात घेतोच आहे". शेवटी एका संध्याकाळी गेलो तर रेझर शिकंज्यात आणि घुंडीवर पक्कड. वर उत्तर तयार, "लय टाइट आहे, तुटला तर सांगू नका." मी तिथल्या तिथे रेझर काढून घेतला. सत्तर वर्षं जुन्या निकेलवर, घुंडीच्या बारीक खाचांवरून तीन चरे आडवे गेले होते. आपल्या मालाची किंमत आपल्यालाच असते. म्हणून सांगतो, ज्याने असा रेझर आधी उघडलेला नाही त्याच्या हातात तो देऊ नका.

घरी जे केलं ते असं. उंच ग्लासात गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, त्यात रेझर उभा बुडवायचा. पाणी गरम हवं, उकळतं नको. गार झालं की बदलायचं. मध्ये एकदा अर्धं पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये फक्त काही मिनिटं, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचा. रात्रभर व्हिनेगरचा सल्ला खूप जण देतात, तो ऐकू नका. मुलामा उडाला असेल तिथे आम्ल पितळेतलं जस्त खातं आणि तांबूस डाग मागे राहतो. मग रेझर उलटा धरून घुंडीच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडायचे आणि तसाच ठेवायचा. खाद्यतेल नको, ते पुढे चिकट होतं. बोटं घसरू नयेत म्हणून घुंडीभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा. पुढे केसभर, मागे केसभर, बोटांच्या जोरावर जेवढं होईल तेवढंच, आणि पुन्हा पाण्यात. हे कंटाळवाणं आहे. पण एका सकाळी घुंडी फिरली, दारं पूर्ण उघडली. पाण्यातच उघडझाप केली तेव्हा नळीतून राखाडी गाळ येत राहिला. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आधी सांगायचं राहिलं: अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर पितळेला कधीही लावू नका. ब्रिटिश सैन्याची हिंदुस्थानातली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. ती तबेल्यांत साठवलेली असत आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया दाबून घडवलेल्या पितळेला चिरा पाडी. याचं नेमकं कारण १९२१ मध्ये मांडलं गेलं. आपल्या रेझरची नळीही पितळेचीच.

पितांबरी, चिंच, लिंबू हे देवघरातल्या भांड्यांसाठी. निकेलचा थर पातळ असतो, घासला की खालचं पितळ दिसायला लागतं. मऊ कापडाला मेटल पॉलिश, तेही एकदाच आणि थोडंसं. सोनेरी रेझर असेल तर पॉलिशही नको.

वापरण्याआधी केमिस्टकडचं सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यात बुडवून ठेवा, ब्लीच नको. ब्लेड बसवल्यावर दोन्ही बाजूंनी ते सारखंच बाहेर दिसतं का ते उजेडात बघा, एका बाजूला जास्त आलं तर तिथे कापतं. दुकानात मिळणारं कुठलंही दुधारी ब्लेड यात बसतं. मी टोपाझ लावतो. दाढी झाली की ब्लेड काढून गरम पाण्याखाली घुंडी दोन्हीकडे पूर्ण फिरवतो, झटकतो आणि दारं उघडी ठेवूनच वाळू देतो. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यामुळे यात खाडा करत नाही.