नवापूरच्या भातात मोजलेली शून्यं

मी रावेरची. घरी केळी. ‘करपा’ हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतेय, पण तो केळीच्या पानावरचा. एम.एस्सी.ला वनस्पती रोगशास्त्र घेतलं आणि सर म्हणाले, “तू भात घे, नवापूर-विसरवाडी पट्टा कर.” मी घरी फोन करून आईला विचारलं, आपल्या खानदेशात भात कुठे पिकतो गं? आई म्हणाली, “दुकानात.”

धुळ्याहून सुरत रस्त्याने निघालं की साक्री, दहिवेलपर्यंत कापूस आणि मका. कोंडाईबारी घाट उतरला की डोळ्यांना आधी कळतं, मग डोक्याला. बांध दिसायला लागतात, बांधांच्या आत साचलेलं पाणी, आणि हवा अंगाला चिकटते. पहिल्यांदा तो घाट उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि भात निसवत होता, म्हणजे लोंब्या बाहेर पडत होत्या.

माझा रोग होता आभासमय काजळी. हे नाव पुस्तकातच शोभतं. गावात उच्चारलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत. दोन दिवसांनी मी ते सोडलं आणि थेट विचारायला लागले, “लोंबीत पिवळ्या गाठी दिसतात का?” मग लगेच हात वर होऊन दिशा दाखवायचे.

गाठ म्हणजे दाण्याच्या जागी वाढलेला बुरशीचा गोळा. सुरुवातीला त्यावर पांढुरकी पातळ साल असते. ती फाटली की आत शेंदरी-पिवळी मखमल, मग ती हिरवट होत जाते आणि शेवटी काळपट. दाण्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा. बोट लावलं की भुकटी बोटावर. पहिल्या दिवशी माझ्या पांढऱ्या ओढणीवर ती लागली आणि रस्त्यावरच्या चहावाल्याने विचारलं, “ताई, कुठल्या देवाला जाऊन आल्या?” तेव्हापासून ओढणी घरी आणि अंगात भावाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. तसाही तो लागलाच असता. भाताच्या पात्याची धार दोन दिवसांत हाताची चाळणी करते.

या बुरशीची लबाडी मला फार उशिरा नीट समजली. ती रोपावर दिसते लोंबी बाहेर आल्यावर, पण शिरते त्याच्या आधी, भात पोटरीत असताना, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असताना. पोटरीच्या आत फुलाच्या पुंकेसरांच्या दांड्या धरते. फूल फळतच नाही, पण रोपाला वाटतं दाणा भरतोय, आणि ते दाण्यासाठीचं सगळं अन्न बुरशीला घालत राहतं. त्यामुळे गाठ दिसते त्या दिवशी शेतकऱ्याच्या हातात काहीही उरलेलं नसतं. माझ्या कामात सगळ्यात जड गेलं ते हे सांगणं.

आता मोजणीविषयी.

सरांनी नियम दिला होता. गाडीच्या मीटरवर दर चार किलोमीटरला थांबायचं आणि डाव्या हाताला पहिलं उभं भाताचं शेत घ्यायचं. डावीकडे भात नसेल तर उजवीकडे. आवडलं, नाही आवडलं, तेच शेत. त्यात कर्णावर पाच जागा, बांधापासून आत जाऊन. प्रत्येक जागी एक चौरस मीटर. त्यातले एकूण किती फुटवे लोंबीवर आलेत, त्यांतल्या किती लोंब्यांत गाठ आहे, आणि गाठ असलेल्या लोंबीत गाठी किती.

कागदावर सोपं. मी प्लास्टिकच्या पाइपाची छान चौकोनी चौकट करून नेली. उभ्या भातावर ती ठेवायला गेले आणि तिथेच अडले. कमरेएवढ्या भातावर बंद चौकोन जमिनीपर्यंत जातच नाही, लोंब्या मोडतात. शेताच्या मालकाने शांतपणे एक बाजू काढून घेतली. “आता सरकवा.” तीन बाजूंची चौकट बुंध्याजवळून आत सरकते आणि चौथ्या बाजूला काठी आडवी टाकायची. दोन वर्षांच्या शिक्षणात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

20 बाय 15 सेंटीमीटरवर लावणी असेल तर चौकटीत साधारण 33 चुडं, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचे झुपके, येतात. चुडाला नऊ-दहा लोंब्या धरल्या तरी एका चौकटीत तीनशेच्या आसपास, पाच चौकटींत दीड हजार. एकेक लोंबी हातात घेऊन उलटसुलट बघायची, कारण गाठ मागच्या बाजूला दडलेली असते. एका शेताला दोन तास. माझ्यासोबत वर्गमित्र होता, तो आकडे लिहायचा आणि दर शंभराला “चहा” म्हणायचा.

पहिल्या आठवड्यात मी नियम पाळलाच नाही, हे इथे कबूल करते. झालं असं की गावात पोचलो की चार माणसं जमत. “रोग बघायचाय ना? चला, माझ्याकडे चला.” आणि नेऊन सोडत थेट गाठींच्या मधोमध. शेंदरी ठिपके बांधावरूनच दिसायचे. मला आनंद व्हायचा. विद्यार्थ्याला रोग सापडला की जो आनंद होतो तो जरा लाजिरवाणाच असतो. आठ शेतं झाली, आठही रंगलेली. संध्याकाळी सरांना आकडे पाठवले.

सरांचा फोन आला. “छान. आता सांग, शून्य कुठे आहेत?”

मी म्हटलं, सर, इथे सगळीकडेच आहे.

“सगळीकडे आहे, की तुला नेतात तिथे आहे?”

ती आठ शेतं वेगळ्या पानावर लिहून बाजूला ठेवली. नमुन्यांसाठी चालतील, टक्केवारीसाठी नाही. त्या रात्री नवापूरच्या लॉजवर मी जेवले नाही. मित्र दोन्ही ताटं जेवला.

लोक मला गाठींकडे का नेत होते ते नंतर लक्षात आलं. चौकट, फॉर्म, मोबाइलवर जागेची नोंद, हे सगळं बघून त्यांना वाटायचं पंचनामा चालू आहे. साहजिक आहे. शेतात येऊन कुणी मोजलं की भरपाई येते किंवा येत नाही, पण मोजतात ते त्याचसाठी. मग मी पहिल्या वाक्यातच सांगायला लागले, “पैसे मिळणार नाहीत, अभ्यासासाठी मोजतेय.” अर्धे लोक तिथूनच परत फिरत. उरलेले मात्र खरं बोलत.

खरं बोलणं सगळ्यात जास्त लागायचं युरियाच्या रकान्याला. ‘नत्र किती दिलं’ असं छापलेलं होतं. त्याला उत्तर यायचं, “दिलं की, जेवढं द्यायचं तेवढं.” मग मी गोण्यांवर आले. एकरी किती गोण्या, कधी कधी? गोणी 45 किलोची, म्हणजे तिच्यात साधारण 20 किलो नत्र. हिशेब मी मनात करायची. शेवटची गोणी कधी पडली हे महत्त्वाचं, कारण पोटरीच्या सुमारास दिलेला जास्तीचा युरिया या बुरशीच्या पथ्यावर पडतो. त्यात निसवताना पाऊस आणि ढगाळ दमट हवा मिळाली की विचारायलाच नको.

तारखा कुणाला आठवत नाहीत, आणि का आठवाव्यात? लावणी ‘कानबाईच्या आधी’, खुरपणी ‘पोळ्याला’, पोटरी ‘गणपती बसले तेव्हा’, आणि निसवणं ‘घट बसले त्या पावसात’. मी फॉर्मच्या मागच्या पानावर सणांच्या तारखा लिहून ठेवल्या आणि तिथल्या तिथे बदलून घ्यायला लागले. त्या उत्तरांतला फरक चार-पाच दिवसांवर क्वचित जायचा. डायरीवाल्या एका शेतकऱ्याने दिलेल्या तारखेत मात्र महिन्याचा घोळ होता.

खांडबाऱ्याच्या बाजूला एका बाबांनी माझ्या हातातली गाठ घेतली, चोळली आणि म्हणाले, “ही आली म्हणजे यंदा क्यारी चांगली पिकली.” क्यारी म्हणजे भाताचं खाचर. मी जरा शहाणपणाच्या सुरात सांगितलं की बाबा, हा रोग आहे. ते म्हणाले, “रोग असेल. पण वाईट साली येत नाही.” रात्री सरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, देशात कित्येक ठिकाणी शेतकरी याला लक्ष्मी रोगच म्हणतात. 1878 मध्ये कुक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या बुरशीचं पहिलं वर्णन केलं ते तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या नमुन्यावरून. शास्त्राच्या वहीत ती तेव्हापासून आहे, शेतकऱ्याच्या डोळ्यात त्याच्याही आधीपासून असणार. बाबांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. भरपूर पाणी, भरपूर खत, दाट हिरवं पीक, हे सगळं दाण्यालाही आवडतं आणि बुरशीलाही. चांगल्या शेतात ती जास्त, म्हणून ती चांगल्या शेताची खूण. फक्त जितक्या गाठी तितके दाणे गेले, आणि त्या लोंबीतले शेजारचे बरेच दाणेही पोचट राहतात, हे बांधावरून दिसत नाही.

विसरवाडीजवळच्या एका दादांना मात्र लक्ष्मी वगैरे काही पटणारं नव्हतं. संकरित वाण, देखणं पीक, आणि चौकटीत जिथे हात घालावा तिथे शेंदूर. त्यांचा एकच प्रश्न. “आता काय मारू?”

मी सांगितलं, आता काही नाही. प्रोपिकोनॅझोलसारखं बुरशीनाशक मारायचं ते पोटरीत, आणि हवा तशीच राहिली तर लोंब्या निम्म्या बाहेर आल्यावर पुन्हा. गाठ दिसल्यावर फवारणीचा खर्च पाण्यात.

“म्हणजे दिसायच्या आधी औषध, आणि दिसल्यावर काही नाही.”

“हो.”

“मग मला पोटरीत कसं कळणार?”

याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच होतं. मागच्या वर्षी याच शेतात होती का, वाण कोणता, हवा कशी, यावरून अंदाज. बाकी जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. सकाळी दव असताना, भुकटी उडत नाही तेव्हा, गाठीच्या लोंब्या हळूच कापून पिशवीत घालून शेताबाहेर न्यायच्या. या शेतातलं बी ठेवायचं नाही. कापणीनंतर खोल नांगरट. पुढच्या साली शेवटचा युरिया आवरता. दादांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि माझ्या समोरच मुलाला म्हणाले, “मॅडम उशिरा आल्या.” हे त्यांनी चिडून म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

नमुन्यांचा किस्सा थोडक्यात. पहिल्या आठ शेतांतल्या गाठी मी प्लास्टिकच्या पिशव्यांत भरल्या, कारण बाहेर पाऊस होता आणि मला त्या ओल्या होऊ द्यायच्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी पिशव्यांना आतून घाम आणि गाठींवर भलत्याच बुरशीची पांढरी लोकर. सगळं फेकलं. नंतर कागदी पाकिटं, आत वर्तमानपत्राची घडी, वर पेन्सिलीने नाव. पेन ओल्यात फुटतं.

नियमावर परतल्यावर काम एकदम कंटाळवाणं झालं. चार किलोमीटर, थांबा, डावीकडचं शेत, पाच चौकटी, गाठ नाही. पुन्हा चार किलोमीटर. निम्म्याहून जास्त पानांवर शून्य. मधूनच मानमोडीने वाळलेल्या लोंब्या दिसायच्या. तो भातावरचा खरा करपा. तो मी शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे आणि रावेरच्या केळीची आठवण काढायचे. जिथे गाठ मिळाली तिथेही आकडा किती लहान! दीड हजार लोंब्यांत दहा-बारा. टक्का भरत नाही. दाण्यांच्या हिशेबाने 0, 1, 3, 5, 7, 9 अशी श्रेणी द्यायची असते, त्यात बहुतेक शेतं पहिल्या पायरीवरच. डोळ्यांना जे शेत अख्खं शेंदरी वाटलं होतं ते कागदावर इतकं किरकोळ व्हायचं की मी एकदा पाचही चौकटी परत मोजल्या. आकडा तोच आला. शेंदरी रंग डोळ्यात भरतो, हिरवा भरत नाही, इतकंच.

मोह व्हायचा. डावीकडचं शेत स्वच्छ आणि रस्त्याच्या पलीकडे रंगलेलं, अंतर वीस पावलं. कोण बघतंय? एकदा मित्र म्हणाला सुद्धा, “पलीकडचं घे ना, नाहीतर प्रबंधात काय शून्यं छापणार?” मी शर्टाची बाही खाली ओढली आणि डावीकडे उतरले. मोठ्या तत्त्वनिष्ठेने नव्हे. सरांचा तो फोन परत नको होता.

शेवटचं शेत चिंचपाड्याच्या पुढे लागलं. ऑक्टोबरचं ऊन, खाचरातलं पाणी आटलेलं, भेगा पडायच्या बेतात. लहानसं, उताराचं, विरळ पीक. खत फारसं पडलेलंच नव्हतं. मालकीण आजी बांधावर बसून होती. मी फॉर्म भरून घेतला. युरिया? “एक गोणी, ती पण दिराबरोबर अर्धी अर्धी.” फवारणी? तिने हात हलवला.

चौकटी टाकत गेलो. पहिली शून्य, दुसरी शून्य. आजी उठून मागेमागे यायला लागली. तिसरीपासून ती पलीकडच्या बाजूने स्वतः लोंब्या उलटून बघायला लागली, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने. चौथी शून्य. पाचवीत चुडं कमी होती, चोवीसच. मी मोजून उठले, मित्राने लिहिलं.

“काय लिहिलं?” आजीने विचारलं.

“शून्य.”

“एवढं मोजलं आणि शून्य?”

“हो आजी. रोग नाही तुमच्याकडे.”

ती थोडा वेळ चौकटीकडे बघत राहिली. मग काठीच्या टोकाशी वाकलेल्या एका चुडाकडे बोट करून म्हणाली, “हे राहिलं.”

राहिलंच होतं. मी परत खाली बसले आणि ते मोजलं. सात लोंब्या.