वकील असून अपडेट कशाला वाचता?

"कोर्टाची कामं सोडून व्हॉट्सअॅपमध्ये नवीन काय आलं ते कशाला वाचत बसता?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पक्षकार फोन पुढे करतो, "हा घ्या स्क्रीनशॉट, सगळं यात आहे." नसतं. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटं बदलता येतो, साधारण दोन दिवस सगळ्यांकडून पुसता येतो. 'डिसअपिअरिंग' लावलेलं असेल तर २४ तासांत, ७ किंवा ९० दिवसांत आपोआप जातो. या मुदती वकिलालाच ठाऊक नसतील तर पक्षकाराला 'फोनला हात लावू नका' हे सांगायची वेळ टळून जाते. कंपनीकडून मागवू म्हणाल, तर पोचलेला मजकूर ती सर्व्हरवर ठेवत नाही.

जालन्याचं प्रकरण घ्या. २०१४ ची विधानसभा, २९६ मतांचा फरक. वाद एवढाच, की निवडून आलेल्या अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत आला की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रीकरण होतं, सीडीही मिळाल्या. जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून देताना जोडायचं प्रमाणपत्र मात्र पुन्हा पुन्हा मागूनही दिलं गेलं नाही. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची उलटतपासणीतली साक्ष पुरेशी मानून २०१७ ला निवड रद्द केली. मग २०१८ ला वेगळ्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमाणपत्राची अट सैल केली. सुटलो, असं तेव्हा मीही म्हटलं होतं. चूक. १४ जुलै २०२० ला जालन्याच्याच अपिलात तीन न्यायमूर्तींनी तो निकाल मोडीत काढला: प्रमाणपत्र हवंच. मूळ फोन घेऊन मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर नको. आणि सगळे प्रयत्न करूनही मिळालंच नाही, तर पक्षकाराला त्यासाठी अडवायचं नाही. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं.

ते अंगवळणी पडतंय तोवर १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा, कलम ६३. प्रमाणपत्राचे आता दोन भाग: 'अ' वर पक्षकाराची सही, 'ब' वर तज्ज्ञाची, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा. एक बिट हलला तरी हॅश बदलतो. तोच फोटो साध्या पद्धतीने व्हॉट्सअॅपवरून मला पाठवलात की त्याची फाइल दाबून लहान केली जाते, म्हणजे हॅश गेला. पेन ड्राइव्हवर कॉपी करून आणा, हे मी रोज सांगतो. लोक रोज फॉरवर्डच करतात.

आणि तो 'ब' वाला तज्ज्ञ? तो नेमका कोण, हे कलम ६३ सांगत नाही. तालुक्याला पक्षकार विचारतात, "साहेब, मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा चालेल का?"