नाव सासरी, जीव माहेरी

चिनी अक्षरं गिरवायचा नाद लागला होता तेव्हाची माझी एक वही अजून आहे. तिच्या एका पानावर नुसता चौकोन, त्याच्या पोटात आडवी रेघ आणि पायाशी जरा लांबट दुसरी रेघ. पन्नासेक वेळा तेच. चौकोन म्हणजे सूर्य, खालची रेघ म्हणजे क्षितिज. उच्चार 'दान', अर्थ पहाट. त्याआधी 'युआन', म्हणजे पहिला, लावला की झालं 'युआनदान' : एक जानेवारी. आपण ज्याला 'इंग्रजी नवीन वर्ष' म्हणत उंबऱ्याबाहेर ठेवतो, त्याला चिन्यांनी एवढं घरगुती नाव ठेवलंय, याचं मला कोण कौतुक!

पुढे कळलं, नाव उसनं आहे. शतकानुशतकं ते चांद्र वर्षाच्या पहिल्या दिवसाचं होतं, म्हणजे त्यांच्या पाडव्याचं. १ जानेवारी १९१२ ला सुन यात्सेन यांनी नानजिंगला नव्या चिनी प्रजासत्ताकाच्या हंगामी अध्यक्षपदाची शपथ घेतली, सौर कॅलेंडर सरकारी झालं. मग नाव उचलून जानेवारीला दिलं आणि जुना सण झाला 'वसंतोत्सव'. १९३० च्या सुमारास तर सरकारने तो जुना सण बंद पाडायचाही घाट घातला. लोकांनी दाद दिली नाही. नाव सासरी गेलं, जीव माहेरीच राहिला.

म्हणून युआनदानचा थाट बेताचा. पैसे घालून द्यायची लाल पाकिटं, गावी जायची झुंबड, सगळं वसंतोत्सवासाठी राखलेलं. इथे मोजून एक दिवस सुट्टी. २०२६ मध्ये तो गुरुवारी आला, तर शुक्रवारही दिला आणि ४ तारखेच्या रविवारी कामावर बोलावून वसूल केला. यापेक्षा वाण्याची उधारी बरी.

रात्र मात्र जागवतात. सुचौच्या हानशान मंदिरात घंटेचे १०८ टोले पडतात (आपला हात आपसूक जपमाळेकडे जातो). काही हौशी थायशान डोंगर रात्रीच चढतात आणि माथ्यावर भाड्याने घेतलेले जाड लष्करी कोट पांघरून, कुडकुडत पूर्वेकडे डोळे लावून बसतात. तिथला एक फोटो पाहिला. खाली ढगांची सरळ आडवी रेघ, वर नुकताच सुटलेला सूर्य. अक्षर तंतोतंत. फक्त सूर्य गोल होता; माझ्या वहीतल्या सूर्याला अजून चार कोपरे आहेत.