९:४७चं तिकीट

पार्किंगच्या दंडाचं तिकीट गाडीच्या काचेवर लावलं तेव्हा ९:४७ झाले होते. दवाखान्याचं दार उघडलं ९:५० ला. मधल्या तीन मिनिटांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एका छोट्या गावात कौन्सिलचा पार्किंगवाला आहे. कागदावर नाव भारदस्त: सिव्हिल एन्फोर्समेंट ऑफिसर. लोकांच्या तोंडी अजून ट्रॅफिक वॉर्डनच. आई नाशिकहून फोनवर विचारते, "आज किती पावत्या फाडल्यास?" तिच्या डोक्यात मी वाहतूक पोलीस झालोय. तिला सांगून दमलो की मी पोलीस नाही, नगरपालिकेचा माणूस आहे, आणि पावतीमागे मला एक पेनीही मिळत नाही. ही कमिशनची समजूत इथल्या लोकांचीही आहे. उलट सरकारी मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की आमचा पगार किंवा कामगिरी तिकिटांच्या आकड्याशी जोडायची नाही.

लंडनमध्ये १९९१च्या कायद्यानं हे काम पोलिसांकडून बरो कौन्सिलांकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकांकडे गेलं आणि १९९४ पर्यंत सगळीकडे लागू झालं. बाहेरच्या कौन्सिलांना तशी सक्ती नव्हती, ज्यांनी अर्ज केला त्यांना अधिकार मिळाले. आमच्या गावाला जाग आली सगळ्यात शेवटी. तोवर पोलिसांनी वॉर्डन ठेवणं सोडलं होतं, आणि २०१७च्या कायद्यानं तर ते पदच मोडीत काढलं. त्यामुळे मधली काही वर्षं गावाला कुणी वालीच नव्हता. पिवळ्या रेघा रांगोळीसारख्या, फक्त बघायला. बस स्टॉपवर व्हॅन, शाळेच्या नागमोडी रेघांवर आयांच्या गाड्या, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: दोनच मिनिटं.

आम्ही पट्ट्यावर उतरण्याआधी जे काम झालं ते बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. रस्त्यावरची प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या ट्रॅफिक ऑर्डरमधून, म्हणजे कायदेशीर आदेशातून येते. अमुक चौकापासून अमुक मीटर, अमुक बाजूला, असं त्यात लिहिलेलं असतं. पोलिसांच्या काळात हे कुणी ताडून बघितलंच नव्हतं. दोन माणसं महिनोन्महिने चाक-मीटर ढकलत गावभर हिंडली. कुठे रेघ होती, ऑर्डर नव्हती. कुठे ऑर्डर होती आणि रेघ डांबराखाली गाडली गेलेली. एका गल्लीत खांब उभा, त्यावरची पाटी कधीच गळून पडलेली. एवढं करूनही काही राहिलंच, त्याचं पुढे सांगतो.

पहिले दोन आठवडे नुसत्या इशाऱ्याच्या चिठ्ठ्या. लोक हसून खिशात घालायचे. तिसऱ्या सोमवारी खरी तिकिटं सुरू झाली आणि गावाचा चेहराच बदलला.

माझ्या कामातली मला आवडणारी एक गोष्ट म्हणजे व्हॉल्व्ह. गाडी जागची हलली की नाही हे सिद्ध करायचं तर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या हवा भरायच्या व्हॉल्व्हची जागा घड्याळाच्या आकड्यांत टिपायची. पुढचा दोनवर, मागचा सातवर. माणूस म्हणतो, "मी मध्ये जाऊन आलो." पण गाडी वळणं घेते तेव्हा पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. गावभर चक्कर मारून दोन्ही व्हॉल्व्ह पुन्हा दोन आणि सातवर येणं म्हणजे लॉटरीच. खोटं बोलणाऱ्याला तो फोटो दाखवल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. हे मला एका जुन्या वॉर्डननं शिकवलं. पोलिसांकडे तो बावीस वर्षं होता, आता कौन्सिलकडे, माझाच जोडीदार.

तर तो सोमवार. दवाखान्यासमोरची दुहेरी पिवळी रेघ, म्हणजे गाडी लावायला कायमची मनाई. निळी, जुनी, पुसून लख्ख ठेवलेली छोटी गाडी. आत कुणी नाही. डॅशबोर्डवर ब्लू बॅज, म्हणजे अपंगांचा पार्किंग परवाना, नाही. तो असता आणि शेजारी आल्याची वेळ दाखवणारं घड्याळ लावलेलं असतं तर तीन तासांपर्यंत हरकत नव्हती. कडेच्या दगडावर आडव्या पिवळ्या खुणा नव्हत्या, म्हणजे सामान चढवायला-उतरवायला मुभा. म्हणून लगेच तिकीट नाही, आधी पाच मिनिटं नजर ठेवायची. हँडहेल्डवर, म्हणजे तिकीट काढायच्या हातातल्या यंत्रावर, ९:४१ ला निरीक्षण सुरू केलं. व्हॉल्व्ह टिपले: पुढचा दहावर, मागचा चारवर. पाच मिनिटांत कुणी आलं नाही, कसली हालचाल नाही. ९:४६ ला तिकीट छापलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं, वायपरखाली लावलं, फोटो काढले. एकदा काचेवर लागलं की ते परत घेण्याचा अधिकार मला नाही. तो ऑफिसचा.

९:५० ला दार उघडलं. आजोबा आधी, उलटे चालत, दोन्ही हात पुढे. त्यांच्यासमोर आजी, वॉकर घेतलेल्या. वॉकर दीड वीत पुढे, मग एक पाऊल, मग थांबा. दारापासून गाडीपर्यंत दहा-बारा पावलं असतील. मला बघून आजोबांनी टोपी काढली.

"ऑफिसर, मला ठाण्यावर यावं लागेल का?"

मी पोलीस नाही, हा गुन्हा नाही, कुठे नोंद होत नाही, हे सगळं सांगितलं. ते मान डोलवत होते, पण नजर माझ्या टोपीवर. माणसाला उतरवायला-चढवायला दुहेरी रेघेवरही थांबता येतं, आणि ज्याला चालायला वेळ लागतो त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. म्हणजे त्यांची बाजू भक्कम होती. मी तीनदा बजावलं, "पैसे भरू नका. आधी पत्र लिहा. मी पाहिलेलं सगळं लिहून ठेवतोय." ब्लू बॅजसाठी अर्ज करा म्हणालो, तर आजी पहिल्यांदाच बोलल्या, "ते अपंगांसाठी असतं हो."

त्यांनी तिकीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, लग्नपत्रिका ठेवावी तसं.

मी नोंद अगदी मन लावून लिहिली. वॉकर, वेळ, पावलं, सगळं. ती वाचून कुणीही तिकीट रद्द केलं असतं. पण आमच्या यंत्रणेत नोंद वाचली जाते ती कुणी तक्रार केली तरच. शुक्रवारी मी सिस्टीममध्ये बघितलं: भरणा झालेला. ७० पौंडांचा दंड १४ दिवसांच्या आत भरला की निम्मा, म्हणून ३५ पौंड, चेकनं. सोबत चिठ्ठी, 'कॉन्स्टेबलसाहेबांना' झालेल्या तसदीबद्दल माफी मागणारी. पैसे आले की केस बंद. माझ्या नोंदीवर कुणाची नजर पडलेली नव्हती.

सुपरवायझरकडे गेलो, परत करा म्हणालो. तो म्हणाला, "त्यांनी तक्रार केली आहे का?" नाही. "मग?" माणूस वाईट नाही. त्याच्यासमोर त्या आठवड्याच्या तक्रारींचा गठ्ठा होता आणि सगळ्यात वर एका मोठ्या काळ्या गाडीवाल्याचं पत्र. हा गृहस्थ रोज चौकाच्या तोंडावर गाडी लावायचा. त्यानं टेप घेऊन रेघ मोजली, कौन्सिलकडून ऑर्डर मागवली, मापासकट नकाशा काढून पाठवला. ऑर्डरमध्ये जेवढी लांबी, त्यापेक्षा रेघ दोन मीटर जास्त रंगवलेली, आणि त्याची गाडी नेमकी त्या दोन मीटरांत. तिकीट रद्द. कायद्यानं तेच बरोबर होतं आणि त्याचा नकाशा खरंच सुरेख होता. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी." तो चोर नव्हता गं, असं म्हणणार होतो. राहू दिलं.

जोडीदाराला विचारलं, तू काय केलं असतंस? "थांबलो असतो. ती गाडी मला ठाऊक आहे. दर सोमवारी येते." मला राग आला. ठाऊक होतं तर सांगायचं होतंस! मग वाटलं, याला इतरही गाड्या ठाऊक होत्या. खाटकाची व्हॅन, एका नगरसेवकाची गाडी. बावीस वर्षं त्यांनाही हा असाच थांबू देत आला असणार. म्हणूनच तर नव्या व्यवस्थेत दया-माया ऑफिसात ठेवली आहे, रस्त्यावर नाही. प्रत्येकाचं कारण कागदावर यावं, सगळ्यांना एकच माप लागावं. वाचताना पटतं. फक्त पत्र लिहायचं कुणाला सुचतं, याचा हिशेब त्यात कुणी धरलेला नाही.

आजोबा आता गाडी ग्रंथालयामागच्या कौन्सिलच्या वाहनतळावर लावतात. मशीनमधून एका तासाचं तिकीट काढतात, मी दिसलो तर काचेकडे बोट दाखवतात: बघा, आहे. तिथून दवाखान्यापर्यंत दोघं चालत जातात. एकदा मी अंतरानं मागून गेलो. वाटेतल्या बाकावर दोन वेळा बसले, पोचायला एकोणीस मिनिटं लागली. जायला तेवढी, यायला तेवढी, आत डॉक्टरांची वाट बघायची. एक तास कसा पुरणार?

गेल्या सोमवारी वाहनतळाच्या फेरीत त्यांच्या तिकिटाची वेळ १०:५० ला संपलेली दिसली. वेळ संपल्यावर १० मिनिटांची सवलत २०१५ पासून कायद्यानंच आहे, म्हणजे ११:०० पर्यंत. माझ्या हँडहेल्डवर ११:०४ झाले होते. व्हॉल्व्ह पुढचा तीनवर, मागचा नऊवर. चौकाच्या कोपऱ्यावर वॉकर दिसत होता.

हँडहेल्ड खिशात टाकलं आणि शाळेच्या गल्लीकडे निघालो. त्या फेरीच्या नोंदीत निळी गाडी नाही.